खड्ड्यातलं बटन

खामगावच्या एका तेल गिरणीत नवं कंट्रोल पॅनेल बसलं, तेव्हा उंद्रीचा इंद्रभान तिथे वायरमन शेषरावांच्या हाताखाली काम शिकायला आला. लोखंडी कपाटात रिलेंच्या, म्हणजे विजेवर आपोआप चालणाऱ्या स्विचांच्या, रांगा. एक रिले 'टक्' करून बसला की दुसरा, मग मोटर. कुठली टक् चुकली हे कानाला कळलं की बिघाड सापडला, असं शेषराव शिकवायचे.

एका ढगाळ दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, गिरणी सुरूच होईना. शेषरावांनी बिघाड इंद्रभानलाच शोधायला लावला. टेस्ट लॅम्प घेऊन तो तारेमागून तार तपासत गेला. करंट सरकीच्या खड्ड्यातल्या बंद करायच्या बटनापर्यंत जात होता; परतत नव्हता.

तो शिडीने खाली उतरला. आंबलेल्या सरकीचा उग्र वास, आणि पुढे लांबवर गेलेला अंधार. शिडीपाशीच बटन होतं, दाबलेलं. त्याने ते ओढून मोकळं केलं आणि वर आला. पॅनेल मुकंच. पुन्हा उतरला, तर बटन पुन्हा दाबलेलं. शिडीवरून मात्र कोणी उतरलं नव्हतं.

 त्याचा चेहरा पाहून शेषरावांनी खालच्या आवाजात सांगितलं, की गेल्या साली जनकाबाई त्या खड्ड्यात झाडत असताना सरकी ढकलणारा लोखंडी स्क्रू वरून कोणीतरी सुरू केला. ती पत्रा बडवत राहिली. कोणाला ऐकू गेलं नाही; ती त्यातच गेली. खाली उतरणाऱ्याने दाबलं की गिरणी सुरूच होऊ नये, म्हणून बटन त्यानंतर बसवलं.

"बटनच खराब असंन," ते म्हणाले. "ते सोडून तू सरळ तार जोडून दे."

इंद्रभानने तारेचं एक टोक कसलं. दुसरं टेकवणार, तोच खालून पत्र्यावर थापा पडल्या. संथ, जड. मग एका बाईचा आवाज.

"थांब, भाऊ... मी आतच आहो..."

शेषरावांनीही ऐकलं होतं. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला.

टॉर्च घेऊन दोघं उतरले. खड्ड्याच्या पार टोकाला, घसरलेल्या सरकीखाली, गिरणीतली मजूर सोजराबाई बेशुद्ध पडली होती. सुट्टीतच झाडायला उतरलेली. डोकं स्क्रूच्या पात्यांना टेकलेलं. आपल्या हातून काय झालं असतं, ते इंद्रभानला कळलं.

वर आणून तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले. हाक मारल्याचं, थापा मारल्याचं तिला काही ठाऊक नव्हतं.

"मी तं निघून राह्यली होती..." ती पुटपुटली. "तिनं पायच सोडला नाही..."



इतर मजूर बायांनी तिचा पाय उजेडात धरला. घोट्याभोवती बोटांचे काळेनिळे वळ उमटले होते. पकड खालून वर आलेल्या हाताची होती. आणि सोजराबाई पडली होती तिथे, खाली, सिमेंटचा गच्च तळ होता.