ऐंशीवं गिऱ्हाईक

अकरा! मी मोजल्या होत्या. दुकानाच्या पायरीवर उभा राहून तो लागोपाठ अकरा वेळा शिंकला, आणि बारावी अडकली म्हणून तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

“काढून टाका तीही,” मी म्हटलं. “आत आणखी मिरच्या आहेत.”

“सॉरी... अंबिका तुम्हीच ना? मी रायन. रमाकांतकाकांनी बोलावलंय, तुमच्या टीमचा वेग वाढवायला.”

आमची टीम म्हणजे लालबागच्या मसाल्याच्या गल्लीतल्या सहा कढया, त्यावर भाजणाऱ्या सहा बायका आणि त्यांच्यावर देखरेख करणारी मी. एप्रिल-मेमध्ये अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करायला इथे लोटते. आम्ही मात्र दिवसाला जेमतेम पन्नास गिऱ्हाइकं उरकायचो, बाकीची कंटाळून शेजारच्या दुकानात जायची. मालक रमाकांतकाकांनी सांगून टाकलं होतं — शनिवारी ऐंशी निघाली तर ठीक, नाहीतर भाजायचं मशीन. मशीन आलं की सहाही जणी घरी. त्यातल्या मृणालिनीकाकू तर पंचवीस वर्षं त्याच कढईपुढे बसत होत्या.

आणि त्यांना वाचवायला हा आला होता! गळ्यात स्टॉपवॉच, अंगात पांढराशुभ्र शर्ट. मसाल्याच्या दुकानात पांढरा शर्ट... मला हसू आवरेना.

“सतरा सेकंद,” तो घड्याळ दाबत म्हणाला.

“काय?”

“तुमचं हसणं.”

“मग लिहा वहीत, मुकादमीण वेळ वाया घालवते.”

“लिहिलं. पण ते कमी करा, असं नाही लिहिलं.”

मेला! मी तोंड फिरवलं, पण कान तापले ते तापलेच.

दुसऱ्या दिवशी त्यानं घोळ घातला. आमच्या गल्लीत गिऱ्हाईक आपला मसाला सोडून हलत नाही. मिरची आपल्या डोळ्यांदेखत भाजायची, डोळ्यांदेखत डंखाच्या मुसळांखाली कुटायची. वर सूचना चालूच — “जरा लाल होऊ दे गं,” “माझे धणे तिच्यात नाय ना गेले?” त्यांना उत्तरं देण्यात बायकांचा वेळ जातो, हे रायननं मोजलं आणि सरळ दोरी बांधली. गिऱ्हाइकं दोरीपलीकडे!

करी रोडहून आलेल्या एका आजी दोरीखालून वाकून आत आल्या आणि कढईपाशी ठाण मांडून बसल्या. “माझी बेडगी नजरेआड करू? खुळो की काय रे तू?”

त्या दिवशी एकेचाळीसच निघाली.

संध्याकाळी तो पायरीवर बसला होता. शर्टाच्या बाह्या लाल, चेहरा उतरलेला. मी कोकम सरबताचा पेला पुढे केला.

“हरलो,” तो म्हणाला. “मला कळायला हवं होतं. आमच्या गिरगावच्या घरी मम्मी वर्षाचा बाटलीमसाला करते ना, बाटल्यांत भरून ठेवायचा, तर दाराला कडी लावून. सत्तावीस जिन्नस. यादी कपाटात, कुलपात. सख्ख्या मावशीलाही माहीत नाही. बाहेरच्याला दाखवायची नाही, असा आम्हा ईस्ट इंडियन लोकांत रिवाजच आहे.”

“मग अशा बाईला लांब ठेवायचं नसतं रे,” मी म्हटलं, आणि ‘रे’ तोंडातून गेल्यावर जीभ चावली. “जवळ बसवायचं असतं.”

त्यानं वही उघडली. “सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो, सांगू? देठ मोडण्यात. एका गिऱ्हाइकामागे बावीस मिनिटं.”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“गिऱ्हाइकांचे हात तर रिकामेच असतात—” मी म्हटलं.

“—आणि डोळे कढईवर!” तो ओरडला.

सकाळी आम्ही कढयांना लागून बाकडी टाकली. गिऱ्हाईक बायकांना तिथे बसवलं आणि प्रत्येकीच्या मांडीवर तिच्याच मिरच्यांची परात दिली. आपल्या मिरच्यांचे देठ आपणच मोडा, आणि बसा राखण करत! बायका खूश. हात चालू, नजर कढईवर, आणि सुना-जावयांच्या गप्पा आपापसात. आमच्या सहा जणींना फक्त भाजायचं काम उरलं. बुधवारी त्रेसष्ट, गुरुवारी सत्तर!

शुक्रवारी रायन स्वतः देठ मोडायला बसला आणि तोच हात डोळ्याला लावला. मी थंड दुधाचा बोळा घेऊन त्याची हनुवटी धरली.

“हलू नकोस.”

“किती सेकंद?”

“मोजू नकोस,” मी म्हटलं. मीच मोजत होते, हे त्याला कशाला सांगू?

शनिवारी तो आलाच नाही. सकाळपासून दहादा मी पायरीकडे बघितलं. त्याचं काम संपलं, तो गेला... जाताना सांगावं तरी! राग येत होता आणि त्याहून जास्त रडू. सव्वासहाला काकांनी पाटीवर एकोणऐंशी लिहिलं. गल्ली रिकामी झाली होती. मशीनवाल्याचा ऑर्डरचा कागद काकांनी सहीसाठी गल्ल्यावर काढून ठेवला. मृणालिनीकाकू पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

आणि पायरीवर कुणीतरी शिंकलं.

रायन! हातात मिरच्यांची पिशवी, अंगात लाल शर्ट, धापा टाकत. तो थेट माझ्यापुढे आला.

“दोन किलो. भाजून, कुटून.”

“हे चीटिंग आहे,” मी कुजबुजले. “तुमचा मसाला घराबाहेर भाजतच नाहीत.”

“म्हणून तर उशीर झाला. सकाळपासून मम्मीला मनवत होतो.” त्यानं खिशातून घडी केलेला, पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात ठेवला. सत्तावीस जिन्नस, बारीक अक्षरात.

“रायन... ही यादी बाहेरच्याला—”

“मम्मी पण तेच म्हणाली, ‘बाहेरच्याला नाय द्यायची.’ मी म्हटलं, बाहेरच्याला कुठे देतोय?”

त्यानं गळ्यातलं घड्याळ हातात घेतलं आणि बटण दाबलं. “उत्तराची घाई नाही, अंबिका. पण... मोजणार.”

मी कागद छातीशी धरला आणि वळले.

“काकू, कढई ठेवा! ऐंशीवं गिऱ्हाईक आलंय. घरचंच आहे!”

काकांनी मशीनवाल्याचा कागद उलटा केला आणि पाठीमागे ऐंशी लिहून खाली दोन रेघा ओढल्या. रायननं घड्याळ केव्हाच थांबवलं होतं.

माझ्या उत्तराला चार सेकंद लागले, असं तो अजून सगळ्यांना सांगतो. तीनच होते.