हा आवाज कोणाचाही नाही

सत्यध्वनी केंद्राच्या प्रयोगशाळेत भिंतीएवढा पडदा होता आणि त्या पडद्यावर एका बाईचा आवाज रेघारेघांनी पसरला होता. ती बाई पडद्यासमोरच खुर्चीत बसली होती. पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं होती: 'यंत्रजात. हा आवाज कोणाचाही नाही.'

"मग इथं बसलीय ती कोण?" शेवंता पगारे म्हणाल्या.

केंद्रातल्या ध्वनितज्ज्ञ डॉ. तनुजा बिडवे त्यांच्याकडे वळल्या. "आजी, तसा त्याचा अर्थ…"

"आजी म्हणू नको. गायिका आहे मी."

सन २०३८. यंत्रं माणसासारखी गायला लागून बरीच वर्षं झाली होती. मेलेल्यांचे आवाज, कधी न जन्मलेल्यांचे आवाज, सगळ्यांचा इतका चिखल झाला, की सरकारनं मानवध्वनी कायदा आणला. ज्या आवाजावर 'मानवी' शिक्का, तो आवाज कोणालाही पुसता येणार नाही. ज्यावर नाही तो त्या लाल ओळीशिवाय वाजवता येणार नाही. नव्या ध्वनिमुद्रणावर उपकरणच जागच्या जागी शिक्का मारायचं. जुन्यांचा निवाडा नाशिकच्या या केंद्रात व्हायचा. निवाडा करायचं यंत्र, आणि माणसं त्याच्या मागे उभी राहून मान डोलवायची. याला विज्ञान म्हणायचं असं ठरलं होतं.

शेवंताबाईंचं गाणं १९७३ सालचं. दुष्काळी कामावर, सिन्नरच्या पुढे वाघदऱ्याला, खडी फोडणाऱ्या बायांमध्ये त्या आणि त्यांची धाकटी बहीण मुक्ता होत्या. शरणपूरचा फ्रान्सिस गायकवाड हा कॉलेजातला पोरगा तिथं हजेरी घ्यायला यायचा. चर्चमधली गिटार घेऊन यायचा. गिटार, हलगी आणि बायांचे हातोडे, एवढ्यावर त्यांनी गाणी बांधली. बँडचं नावही 'खडी'. फ्रान्सिस म्हणायचा, विलायतेत याला फोक रॉक म्हणतात. मुक्ता म्हणायची, रॉक म्हणजे दगडच ना, मग तो आम्ही फोडतोय आणि नाव त्यांचं कसं?

त्याच उन्हाळ्यात सुरुंगाचा दगड लागून मुक्ता गेली. तिचा फोटो कधी निघाला नव्हता. फ्रान्सिस परदेशी गेला आणि तिकडेच वारला. उरला होता गाण्यातला दुसरा आवाज, आणि तो कोणाचाही नाही असं आता सरकार सांगत होतं.

केंद्राचे संचालक डॉ. हेरंब सातपुते आत आले. सभ्य माणूस. सभ्यपणानं कोणाचंही नाव पुसू शकेल असा.

"बिडवे, बाईंना कसोटी समजावून सांगितलीत ना?"

"तुम्हीच सांगा, सर. माझ्या तोंडून ती मलाच पटत नाही."

सातपुते खुर्ची ओढून बसले. "बाई, घरातली वीज सेकंदाला साधारण पन्नास वेळा पुढेमागे होते. त्याचा बारीक आवाज येतो, मधमाशीसारखा. आपल्या कानाला कळत नाही, पण जवळ कुठेही ध्वनिमुद्रण केलं की तो आत शिरतो. याला आम्ही वीजगुंजन म्हणतो. हे पन्नास कधी पक्कं पन्नास नसतं. लोकांनी दिवे लावले की घसरतं, कारखाने थांबले की चढतं. ते चढउतार वीजकेंद्रांनी तेव्हापासून कागदाच्या गुंडाळ्यांवर नोंदवून ठेवलेत. तो झाला नाडीपट. गाण्यातलं गुंजन नाडीपटाशी जुळलं, की गाणं कुठल्या महिन्यात, कुठल्या वेळी झालं ते कळतं. यंत्रं गायला लागायच्या आधीचं निघालं, म्हणजे आवाज माणसाचाच."

"ते गुंजन कोणी खोटं मिसळलं तर?"

"वरून चिकटवलेलं गुंजन आवाजाशी एकजीव होत नाही. यंत्र पकडतं."

"आणि आमच्या गाण्यात?"

"गुंजनच नाही."

"कसं असेल? वाघदऱ्याला वीजच नव्हती. फ्रान्सिसचा टेप सेलवर चालायचा."

 तनुजा मध्येच बोलल्या. "सर, म्हणजे ज्याच्या घरात वीज होती त्याचा आवाज खरा. ज्याच्या घरात नव्हती तो जन्मलाच नाही."

"माणूस जन्मला, बिडवे. आवाजाचा पुरावा जन्मला नाही."

"बाई स्वतः सांगतायत की."

"साक्षीला माणसं उभी करता येतात. वीज उभी करता येत नाही. म्हणून तर कायदा असा केला." सातपुत्यांनी शेवंताबाईंकडे पाहिलं. "दोन आठवड्यांत अपील करा. काहीतरी नवं आणा."

नवं आणलं कबीर मोमीननं. साठीतला, सोलापूरचा माणूस. २००९ साली त्यानं भंगारातून जुन्या टेपचं एक स्पूल उचललं होतं आणि त्यातलं हे गाणं 'दुसरी बाजू' नावाच्या आपल्या संगीतब्लॉगवर टाकलं होतं. वर लिहिलं होतं: 'ही बाई कोण, माहीत असल्यास कळवा.' तिथून ते गाणं जगभर फिरलं. लिस्बनच्या कोणीतरी देशोदेशीची गाणी जोडून केलेल्या आपल्या मिक्समध्ये तुर्की गिटार आणि पेरूच्या डोंगरातली बासरी यांच्या मधोमध ते बसवलं. मग त्या मिक्समधून दुसऱ्या मिक्समध्ये, तिथून तिसऱ्या. शब्द न कळणारी पोरं हातोड्यांच्या ठेक्यावर नाचली. शेवंताबाईंना हे कळलं ते नातवाच्या कानातल्या इअरफोनमधून गळलेल्या आवाजावरून. मुक्ता पोराच्या कानात गात होती.

"पहिल्यांदा तुमच्या पाया पडतो, ताई," कबीर म्हणाला, "आणि मग माफी मागतो. लोक मला शोधक-बिधक म्हणतात. मी निस्ती वायर लावली की हो. वर शहाणपणा केला तो वेगळाच."

"कसला शहाणपणा?"

"गाणं वर वर चढत जायचं. सुरू एका पट्टीत, संपायचं दुसऱ्याच. मला वाटलं, बाई बेसूर होतायत. गावाकडच्या बाई, म्हणलं, सांभाळून घ्यावं. संगणकावर ओढून सरळ केलं. मागं मुंग्या चालल्यासारखी बारीक कुरकुर होती, तीही पुसली. स्वच्छ धुतलं अगदी."

शेवंताबाईंनी विचारलं, "जगानं ऐकलं ते तू सरळ केलेलं?"

"होय की."

"अरे शहाण्या, मी चढत नव्हते. सेल उतरत होते."

तनुजांच्या हातातला कप खाली आला. "बाई, परत सांगा."

"सेल मरायला लागले की टेपची चकरी हळू फिरायची. फ्रान्सिस ओरडायचा, आटपा, आटपा. भरताना चकरी हळू, मग नंतर नीट चकरीवर लावलं की आवाज बारीक होणारच. मुक्ता तर हसायची, म्हणायची शेवटी आपण चिमण्या होतो. आणि हा म्हणे बेसूर. पन्नास वर्षं गाणारीला बेसूर."

"चुकलो, ताई."

"चुकलास तर आहेसच. पाणी आण जरा."

कबीरनं मूळ स्पूल आणलं होतं. जुन्या टेपवर नवं गाणं भरता येतं, म्हणून नुसती टेप पुरावा धरत नाहीत. पण ऐकायला कोणाची ना नव्हती. तनुजांनी ते जपून लावलं. न धुतलेलं, न सरळ केलेलं गाणं खोलीत सुरू झालं. हातोडे, हलगी, गिटार, आणि मग दोन बाया:

*टावर आला, टावर गेला, तार गेली डोईवरून,*
*साहेब, तुमचा उजेड गेला आमच्या पाटीवरून.*

तनुजांनी हात वर केला. "ही तार. ही खरी होती?"

"खरी म्हणजे? हे मोठे लोखंडी टावर होते. वीज मुंबईकडं चाललेली. आमच्या मुंडक्यावरून जायची, खाली एक दिवा नाही. त्यावरच तर गाणं बांधलं."

"गाणं भरलं कुठं?"

"टावरच्या पायाशी. माळावर दुसरी सावली होती कुठं?"

तनुजा उठून थेट सातपुत्यांच्या खोलीत गेल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन आल्या म्हटलं तरी चालेल.

"सर, मोठ्या तारेखाली चुंबकीय क्षेत्र असतं की नसतं?"

"असतं."

"फ्रान्सिसच्या मायक्रोफोनमध्ये तारेचं वेटोळं होतं. त्या वेटोळ्यात ते क्षेत्र शिरणार. भिंतीत वीज असण्याची गरज नाही, डोक्यावर असली तरी पुरे."

"मग यंत्राला ते सापडलं का नाही?"

"कारण यंत्र पन्नासच्या आसपासच शोधतं. इथं चकरी हळू होती, म्हणून गुंजनही गाण्याबरोबर वर चढलं असणार. चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न. आणि जगात फिरणाऱ्या प्रतीत ते नाहीच. तिथली कुरकुर यांनी पुसली."

"मुंग्या म्हणून," कबीर खालच्या आवाजात म्हणाला.

त्यांनी वरच्या पट्ट्यात शोधलं. पडद्यावर एक फिकट रेघ उगवली. गाण्याबरोबर तीही तिरपी वर चढत होती. ती चढण मोजून तनुजांनी सगळं गाणं उलट ताणलं. शेवंताबाईंचा आवाज आपल्या खऱ्या जागी उतरला, जाड आणि थोडा भांडखोर. रेघ पन्नासच्या खाली येऊन थरथरू लागली. त्या थरथरीशेजारी यंत्रानं नाडीपट आणून ठेवला. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. मार्च १९७३, दुपार.

लाल अक्षरं हिरवी झाली.

शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या पडद्यावर उमटलेली अर्जातली नावं वाचत होत्या. 'मानवी. आवाज पहिला: शेवंता पगारे. आवाज दुसरा: मुक्ता पगारे.' मुक्ताचं नाव पहिल्यांदाच कुठं छापलं गेलं होतं. हजेरीपटावर ती नुसती 'बाई, एक' होती.

मग त्यांनी खालची ओळ वाचली.

"हे काय लिहिलंय? ध्वनिमुद्रणस्थळ: विद्युतीकृत."

सातपुत्यांनी चष्मा सारखा केला. "ते यंत्र आपोआप घालतं. गुंजन सापडलं, म्हणजे जागी वीज आहे."

"वीज तारेत होती. वाघदऱ्यात नव्हती."

"यंत्राला तेवढं समजत नाही."

"तुम्हाला समजतं ना? मग खोडा."

"खोडलं तर कारण द्यावं लागेल, की जागी वीज नव्हती. आणि वीज नसलेल्या जागेचं गुंजन कायद्यात बसत नाही. शिक्काच रद्द होईल." त्यांनी हात पसरले. "बाई, एका शब्दासाठी एवढं…"

"साहेब," शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "सगळं गाणं त्या एका शब्दावर आहे. आम्हाला वीज नाही, असं आम्ही बोंबलून सांगितलं. पासष्ट वर्षांनी तुम्ही म्हणता, बोंबललात हे खरं, कारण तुमच्याकडं वीज होती. गाणं ऐकलंत का तुम्ही?"

"आम्ही शब्द तपासत नाही. फक्त ध्वनी."

देशातला सगळ्यात महागडा कान होता ते यंत्र, आणि त्याला भाषा येत नव्हती.

तनुजा काहीतरी बोलायला गेल्या. शेवंताबाईंनी त्यांना थांबवलं. "राहू दे. खोडलं तर मुक्ता परत कोणाचीच नाही होणार. शिक्का ठेवा." मग त्यांनी सातपुत्यांना विचारलं, "तुमच्याकडं नवं गाणं भरायचं यंत्र आहे?"

"आहे. का?"

"शब्द तपासत नाही म्हणालात ना?"

तनुजांनी मायक्रोफोन पुढे केला. सातपुते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. शेवंताबाईंनी टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि टेबलावर ठेका धरला. कबीरनं दुसऱ्या बाजूनं बोटांनी हलगी घेतली.

*मुक्ते, तुझं नाव लागलं, कागद म्हणतो वीज होती,*
*कागद खोटा, साहेब खोटा, आपल्या दारी रात होती.*
*यंत्राला गं कान दिले, कानामागं डोकं नाही,*
*वाघदऱ्याच्या बाया सांगत्यात, ऐकायला कुणी नाही.*

आवाज फाटका होता, पण सुरात होता. शेवटच्या ओळीला त्यांनी सातपुत्यांकडे बघून ठेका जोरात दिला आणि थांबल्या.

यंत्रानं क्षणभर विचार केला. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: 'मानवी. सत्यता पूर्ण.' खाली केंद्राचं नाव, संचालकांची सही.

"दोन्ही गाणी एकामागं एक लावतो," कबीर म्हणाला. "आधी जुनं, मग हे. आज संध्याकाळच्या मिक्समध्ये. लिस्बनला पण धाडतो."

सातपुते पडद्याजवळ गेले. आपल्यालाच खोटं म्हणणाऱ्या गाण्याखालची आपलीच सही त्यांनी दोनदा वाचली.

"बिडवे, हे दुसरं काढून टाका."

"शिक्का बसलाय, सर," तनुजा म्हणाल्या. "मानवी आवाज पुसणं गुन्हा आहे."