उपटलेली जाई

"हलू नका!"

भिंतीवरून आवाज आला, तेव्हा मला हलता येणारच नव्हतं. माझी वेणी काटेरी झुडपात अडकली होती, एका हातात कोयता होता, दुसऱ्या हातात मूठभर गवत, आणि डाव्या पायातली चप्पल त्या रानात कधीच गडप झाली होती.

"कोण आहे?" मान न वळवता मी ओरडले. "आणि लोकांच्या भिंतीवर काय करताय?"

"मधमाश्या शोधतोय. सापडल्या. तुमच्या डोक्यावर... म्हणजे अगदी डोक्यावर नाही, हातभर बाजूला. असतील आठ-दहा हजार."

कोयता माझ्या हातातून गळून पडला. भिंतीवरून धप्पकन कुणीतरी उतरलं. डोक्यावर जाळीची टोपी, खांद्यावर लाकडी पेटी, आणि चेहऱ्यावर हसू. हो, जाळीतूनसुद्धा दिसत होतं ते. मला भयंकर राग आला.

"घाबरू नका, घर सोडून निघालेल्या माश्या सहसा चावत नाहीत. गल्लीच्या टोकाला माझ्या पेट्या आहेत, तिथून सकाळी पळाल्या," तो माझ्या मागे येऊन म्हणाला. "कापू का?"

"माझी वेणी?"

"झुडूप हो!"

पण त्याने झुडूपही कापलं नाही. एकेक केस, एकेक काटा सोडवत बसला. मी दातांची डॉक्टर आहे, नाजूक हात कुणाचा आणि धसमुसळा कुणाचा ते मला लगेच कळतं. त्याचा हात नाजूक होता. हे मी त्याला अर्थातच सांगितलं नाही.

मग त्याने फांदीखाली पेटी धरली, फांदीला एक हलका झटका दिला, आणि माश्यांचा तो अख्खा घोस पेटीत पडला. उरलेल्या आपापल्या आत जाऊ लागल्या. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. एरवी हे काम माझ्या पेशंटचं.

"आता एक अडचण आहे," टोपी काढून तो म्हणाला. "ही पेटी काही दिवस इथून हलवता येणार नाही. दोन... नाही, तीन आठवडे तरी."

"तीन आठवडे!"

"मला रोज येऊन बघावं लागेल," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

तीन आठवडेच माझ्याकडेही होते. ही बाग आईची. आई गेली, आणि बाबांनी मागच्या दाराला खिळा ठोकला. तीन वर्षं त्या बाजूच्या खिडकीचा पडदासुद्धा त्यांनी सरकवला नाही. बागेचं रान झालं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बाबा ताईकडे गेले आणि तिथून त्यांचा फोन आला. "आता तीन आठवड्यांनी येतो ते घर बंद करायलाच. इथेच राहू सगळे. तुझं काय, दात सगळीकडे किडतात."

फोन ठेवला आणि मी खूप रडले. हे घर सुटलं की आईचं शेवटचं काही उरणार नव्हतं. आणि बाबांना एकटं पाठवून मागे राहणं मला जमलं नसतं. मग ठरवलं, ते यायच्या आत बाग पुन्हा उभी करायची. ती बघून तरी त्यांचा पाय निघणार नाही.

जाळीवाला रोज येऊ लागला. हो, मी त्याचं नाव जाळीवाला ठेवलं होतं. सकाळी मी दवाखान्यात जायच्या आधी यायचा, संध्याकाळी परतल्यावर पुन्हा हजर. पेटीकडे दोन मिनिटं बघायचा आणि मग शर्टाच्या बाह्या वर करायचा. कधी करवत आणायचा, कधी फावडं. पाचव्या दिवशी माझी चप्पल सापडली. सातव्या दिवशी फरशीची पाऊलवाट दिसली, आणि तिच्या टोकाला आईचा दगडी बाक. मी त्यावर हात फिरवला, आणि तो मुद्दाम पाठ करून दुसरीकडेच गवत काढत बसला. त्याचं ते पाठ करणं मला फार आवडलं.

आमचं भांडण मात्र रोजचं. माझा खाक्या एकच, जे नको ते मुळासकट.

"सगळंच उपटायचं नसतं, डॉक्टर. कधी जरा थांबून बघायचं असतं."

"थांबून बघितलं की सूज येते."

"झाडांना?"

"मला!"

तो हसत सुटायचा. मग मीही. भिंतीपलीकडच्या काकू दोन्ही वेळा गच्चीवर कपडे वाळत घालायला यायच्या. एवढे कपडे त्यांच्या घरात कधीच नव्हते.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी भिंतीलगतचं एक वाळकं खोड बघितलं. एक पान नाही, कुठे हिरवं नाही. हलवून पाहिलं, तर थोडं डुगडुगलं. डुगडुगणारी गोष्ट दिसली की माझे हात शिवशिवतात, काय करू! दोन्ही हातांनी धरलं, डावीकडे, उजवीकडे, आणि एका दमात बाहेर. मला चक्क अभिमान वाटला.

"काय काढलंत?" तो पाऊलवाटेवर थबकून म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

त्याने खोड हातात घेतलं, नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. ओलं, पोपटी हिरवं.

"ही जाई आहे... जिवंत होती," तो हळूच म्हणाला.

आईची जाई. खिडकीपर्यंत चढलेली, जिची फुलं आई रोज बाबांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवायची. तीन वर्षांच्या उन्हातान्हात ती कशीबशी तग धरून राहिली होती, आणि मी, आईची पोटची मुलगी, ती उपटून हातात घेऊन मिरवत होते. मी मटकन खाली बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

तो शेजारी बसला. समजूत घातली नाही, हातही धरला नाही. फक्त म्हणाला, "डॉक्टर, चुकून पडलेल्या दाताचं तुम्ही काय करता?"

मी डोळे पुसले. "तासाभरात आला तर... परत बसवते."

"मग? किती वेळ झाला?"

मी ताडकन उठले. "मुळाला हात लावू नका! ओलं फडकं आणा. आधी ओलं फडकं!"

मग बागेचा दवाखाना झाला. जाई ओल्या फडक्यात. खड्डा तोच, दुसरा नाही, हा माझा हट्ट. वरच्या वाळक्या काड्या त्याने छाटल्या. "एवढा भार आता तिला पेलणार नाही," तो म्हणाला. मी खोड खड्ड्यात जसं होतं तसंच उभं केलं, त्याने माती दाबली, आणि हलणारा दात शेजारच्याला बांधतात तशी मी ती दोन बाजूंच्या काठ्यांना बांधली. बांधताना त्याची बोटं माझ्या बोटांखाली आली. त्याने काढली नाहीत. मीही गाठ मारायला जरा जास्तच वेळ लावला.

"चार आठवडे हिने कडक काही खायचं नाही," नाक ओढत मी म्हणाले.

तो हसला, आणि मग हाताची माती झटकली. "मला एक कबूल करायचंय. ती पेटी... ती त्याच संध्याकाळी नेता आली असती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी वाचून काढलं. माश्या आत गेल्या की संध्याकाळी पेटी उचलायची."

"मग बोलला का नाहीत?"

"कारण..." मी मातीकडे बघत राहिले. खूप काही बोलावंसं वाटत होतं. "बाबा आले की हे घर बंद होणार. मी इथे नसेन. म्हणून पुढचं काही बोलू नका... प्लीज."

तो खरंच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र शेणखताचं पोतं खांद्यावर घेऊन दारात उभा होता. त्याला बघून मला इतका आनंद झाला, की दवाखान्यात दिवसभर मी पेशंटना उगाचच "छान दात आहेत" म्हणत सुटले.

बाबा आले तेव्हा जाईला एक कोंब नव्हता. रोज सकाळी मी भिंगाने बघत होते, तरी काही नाही. नुसती दोन काठ्यांमध्ये बांधलेली तिसरी काठी. मागच्या दाराचा खिळा मी स्वतः काढला होता.

बाबा काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, आता मागे फिरतील. पण त्यांनी पाय बाहेर टाकला. पाऊलवाट, बाक, गुलाबाची रांग, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली आणि भिंतीशी येऊन अडकली.

"जाई?"

"बाबा... मी उपटली ती. वाळली असं वाटलं मला. परत लावली आहे, पण..."

बाबा बाकावर बसले.

"तू एकदा उपटलीस," ते म्हणाले. "मी तीन वर्षं पाणी घातलं नाही. आता सांग, जास्त कुणी छळलं तिला?"

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग नेहमीच्या करड्या आवाजात विचारलं, "पाणी कधी घालतेस?"

"सकाळी."

"चूक. तुझी आई संध्याकाळी घालायची." तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आईचं नाव काढलं होतं. "जगली की नाही, कळायला किती दिवस लागतात?"

"महिना. कदाचित दोन," पेटीमागून उत्तर आलं. जाळीवाला तिथे टोपी घालून लपला होता. लपला कसला, अर्धा बाहेरच होता.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि ताईला लावला. "मी येत नाहीये. दोन महिने तरी नाही... अगं, गुडघा ठणठणीत आहे. जाई आजारी आहे. तिला अशी टाकून कसा येऊ?"

तिकडून ताई बरंच काही बोलत होती. बाबांनी शांतपणे फोन बंद केला. माझा जीव भांड्यात पडला. मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं.

"आणि हे कोण?" बाबांनी काठी पेटीकडे रोखली.

"मी... मधमाश्या पाळतो, काका."

"रोज येता?"

"रोज."

"माश्यांसाठी?"

जाळीच्या आतला चेहरा लालबुंद झाला. त्याने माझ्याकडे बघितलं. 'पुढचं काही बोलू नका' हे माझं म्हणणं बिचारा अजून पाळत होता. आता माझीच पाळी होती.

"माझ्यासाठी येतो, बाबा," मी म्हणाले. "आणि मी रोज त्याची वाट बघते. फार बघते."

पलीकडच्या गच्चीवर काकूंच्या हातातली बादली धाडकन आपटली. बाबांनी आम्हा दोघांना आळीपाळीने न्याहाळलं.

"मग उभे काय राहिलात?" ते त्याला म्हणाले. "संध्याकाळ झाली. झारी भरून आणा."

तो धडपडत नळाकडे गेला. टोपी काढायचंही त्याला सुचलं नाही. झारी भरली, काठोकाठ झाली, वाहू लागली, पाणी त्याच्या बुटांत शिरलं, आणि तो आपला माझ्याकडेच बघत उभा.

"अहो जावईबापू," बाबा ओरडले, "नळ बंद करा!"