घसा बसला नव्हता

महापौरबाईंचं आत्मचरित्र वाचायचं काम निवेदिकेनं मोठ्या हौसेनं घेतलं होतं. पुस्तकाची ध्वनिफीत काढायची होती आणि त्यासाठी रेडिओवर बातम्या वाचून मुरलेला तिचाच आवाज हवा होता. दुपारची जेवणं उरकली की ती स्टुडिओत यायची, काचेपलीकडे माईकसमोर बसायची, आणि रेकॉर्डिस्ट अंगठा उंचावायचा. दोघांचं छान जमायचं. "ताई, तुमचं पोटसुद्धा सुरात गुरगुरतं," असं तो म्हणायचा.

महापौरबाई आता हयात नव्हत्या. पुस्तकावरून शेवटचा हात फिरवला होता त्यांच्या चिरंजीवांनी. ते आईच्याच पक्षाचे नगरसेवक होते.

सुरुवातीची प्रकरणं सुरळीत झाली. मग शाळेचं छत कोसळल्याचं प्रकरण आलं आणि निवेदिकेचं डोकं फिरलं.

कारण त्यानंतरच्या महापालिकेच्या सभेला ती स्वतः हजर होती. नवखी बातमीदार म्हणून वरच्या सज्जात बसली होती. खाली महापौरबाई छत बांधणाऱ्या ठेकेदाराचं नाव घ्यायला उभ्या राहिल्या. त्यांच्या पक्षाच्या पुढाऱ्यानं बोटानं खूण केली आणि माईक बंद झाला. त्या तशाच बोलत राहिल्या, तेव्हा त्यांच्याच माणसांनी बाकं बडवून त्यांचा आवाज बुडवला. "बाई, घरी जाऊन चूल फुंका!" कोणीतरी ओरडलं. सभागृह खो खो हसलं. छताखाली मुलं मेली होती, आणि हे हसत होते.

पुस्तकात होतं: 'त्या दिवशी माझा घसा बसला होता, म्हणून मी भाषण आवरतं घेतलं. सहकाऱ्यांनी मोठ्या मनानं सांभाळून घेतलं.'

"घसा बसला?" निवेदिका ताडकन उठली. "बसवला त्यांचा घसा! गेलेल्या बाईच्या तोंडी खोटं घालताना जीभ झडली नाही यांची?"

"ताई, आपण वाचणारे," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "लिहिलंय ते वाचा आणि मोकळ्या व्हा."

तिनं दातओठ खात वाचलं. पण एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

रेकॉर्डिस्टनं रेकॉर्डिंग ऐकलं. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मजकूर का बदललात?"

"मी? वेडा आहेस का?"

त्यानं लावून दाखवलं. तिचाच आवाज होता, स्वच्छ, ठाम. 'त्या दिवशी माझा घसा बसला नव्हता.'

तिनं पुन्हा वाचलं, बोट ठेवून, शब्द शब्द सुटा करत. पुन्हा ऐकलं तर पुढचं वाक्य आलं होतं: 'पुढाऱ्यांनी खूण केली आणि माझा माईक बंद झाला.' या खेपेला आवाज पुरता तिचा नव्हता. बारीक होता, वाक्याच्या मधोमध दम घेणारा. तो दम तिनं कितीतरी भाषणांत ऐकला होता.

"आता बोलूच नका," रेकॉर्डिस्ट कुजबुजला.

ती गप्प बसली. पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र वरखाली होत राहिली. लांबून बाकं बडवल्याचा आवाज येऊ लागला.

रेकॉर्डिस्टनं घाबरून चिरंजीवांना फोन केला. ते आले आणि त्यांनी उभ्या उभ्याच सगळं ऐकलं. चेहरा निर्विकार.

"पुसून टाका. आई असं कधी बोललीच नव्हती."

ध्वनिफीत संपली होती. रेकॉर्डिस्टचे दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते.

"बोलले होते रे," स्पीकरमधून आवाज आला. "तू सज्जातच होतास."

चिरंजीवांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तूही बाक वाजवलंस."

निवेदिकेला आठवलं. सज्जात तिच्या शेजारी शाळेच्या गणवेशातला एक मुलगा होता. पुढाऱ्याकडे बघत, दोन्ही मुठींनी बाक बडवणारा. तिला तेव्हा वाटलं होतं, कोणाचं हे कार्टं?

"लहान होतो मी," चिरंजीव पुटपुटले. ते खोलीतल्या कोणाकडेच बघत नव्हते. मग खेकसले, "पुसा म्हटलं ना!"

सगळं पुसून होईपर्यंत ते हलले नाहीत. मग ते निघून गेले.

रेकॉर्डिस्टनं घाम पुसला. "सोडून द्या ताई हे काम. दुसरं कोणी वाचेल."

"का सोडू? उद्या येणार मी. आणि जे झालं तेच वाचणार."

रेकॉर्डिस्ट टक लावून तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिनं बोटांनी चाचपून पाहिलं. तिचे ओठ मघापासून घट्ट मिटलेलेच होते.