रिकाम्या खोलीचं एक मिनिट

ही घटना खरी आहे. घरातलीच आहे, त्यामुळे तिखटमीठ लावायची सोय नाही.

मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. बाहेर लख्ख ऊन.

माझा तळघरात लहानसा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. पलीकडे गायची खोली, मधे जाड काच, अलीकडे माझं टेबल.

माझा मोठा भाऊ गाणी लिहितो, गिटार वाजवून स्वतःच गातो. पण तीन वर्षं त्याला एक ओळ सुचली नव्हती. वहिनीच्या शिकवण्यांवर घर चालायचं. माणूस आतून पार खचला होता.

आमच्या कामात एक रीत असते. गाण्याआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्ड करायचं. पंख्याची घरघर, वायरींची गुणगुण, जे असेल ते. नंतर कॉम्प्युटरला तेवढं दाखवायचं आणि सांगायचं, हे गाण्यातून काढून टाक.

ते मिनिट चालू होतं. दादा माझ्या शेजारी हेडफोन लावून बसला होता.

खोलीत कुणीच नव्हतं.

अचानक दादाचे डोळे भरून आले.

"बाळ्या... आत कुणीतरी गातंय."

मला काही ऐकू येईना. त्यानं मात्र वही ओढली आणि अख्खं गाणं उतरवून काढलं.

"गाणं सुचलं की देवाची कृपा, नाही सुचलं की ॲसिडिटी!" मी चेष्टा केली.

तो हसला नाही. "मी नाही रे लिहिलं. मला मिळालं."

मग तो आत जाऊन गायला. तसा तो जन्मात गायला नव्हता.

तो घरी गेल्यावर मी सवयीनं ते मिनिट कॉम्प्युटरला दाखवलं. काढून टाक म्हटलं. गाणं लावलं.

गिटार होती. वहीचं पान उलटल्याचा आवाजसुद्धा होता.

दादा नव्हता...

मूळ फाइल उघडली. त्यातही नाही.

ते रिकामं मिनिट लावलं, आवाज पूर्ण वाढवला.

अगदी खोलवर... कुणीतरी गात होतं. तेच गाणं. दादाच्याच आवाजात. तो आत जायच्या आधीचं मिनिट होतं ते!

तेवढ्यात वहिनीचा फोन.

"भाऊजी, लवकर या. हे तोंड उघडतायत, पण..."

आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. दादाच्या तोंडून हूं की चूं नाही. त्या दिवशी तो सांगत होता, कुणीतरी गातंय. मी थट्टा केली आणि तो आवाज कचरा समजून पुसला. या पापाला माफी नाही.

दादा रोज पावणेचारला येतो. ते मिनिट ऐकतो, ओठ हलवतो.

काल त्यानं पहिल्यांदाच हेडफोन माझ्या कानाला लावले.

दोन आवाज होते...

दुसरा माझा होता.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "भाऊजी, तुमचा घसा बसलाय का?"

आज सकाळपासून मी एक शब्द बोललेलो नाही. बोलून बघायचा धीर होत नाही.