मेलेल्याचे शब्द

"माझ्या कॅलमनं मामाला मारलं नाही हो!" नेरिडानं दारातूनच सांगितलं.

होबार्टच्या धक्क्यावर लाकडी नावा बांधणारा तिचा भाऊ आर्च शेडमधल्या परांचीवरून पडून मेला होता. कॅलमनं ढकललं, असं मरताना तो सांगून गेला म्हणे. ऐकणारा एकच: शेजारचा बोटींचा दलाल, लिंडसे ऑर.

खासगी गुप्तहेर विल्मा स्ट्रॅकननं आपल्या मित्राकडे पाहिलं. डेस्मंड पाइक रहस्यकथा लिहायचा आणि वाचनालयात नवलेखकांना कोर्टातल्या पुराव्यांचे नियम शिकवायचा.

"ऐकीव बोलणं कोर्ट घेत नाही," तो चुळबुळत म्हणाला. "पण बोलणारा मेला असेल आणि घटना ताजी असतानाच बोलला असेल, तर घेतं."

नेरिडा त्यांना आर्चच्या घरी घेऊन गेली.

आर्चच्या स्वयंपाकघरात, खिडकीतल्या कपात वाटाण्याएवढी दोन श्रवणयंत्रं होती. "तो पडला त्या सकाळपासून तिथंच आहेत," नेरिडा म्हणाली. "हात लावायचा धीर होत नाही."

कोठडीत कॅलम वैतागला होता. "भांडण कसलं? मामाला जेवायला बोलावत होतो! शेडमध्ये त्याच्याशी बोंबलूनच बोलावं लागतं. लिंडसेला वाटलं, आम्ही भांडतोय."

मग लिंडसे. चहा पुढे करत तो म्हणाला, "मी मागे बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हळूच कानात विचारलं, कॅलमनं ढकललं का? 'हो, कॅलमनंच,' म्हणाले. घटना ताजी होती, काही रचायला सवडच नव्हती."

  डेस्मंडनं चहा तसाच खाली ठेवला.

"आर्चना कमी ऐकू यायचं?" विल्मानं विचारलं.

"छे! क्लबात रोज गप्पा मारायचो की."

"क्लबात त्यांच्या कानात यंत्रं असायची. शेडमध्ये भुसा उडतो, म्हणून ती घरी काढून ठेवायचे. त्या सकाळीही घरीच होती. मागून, हळूच विचारलेलं त्यांना ऐकू कसं आलं? ओठ वाचावेत, तर तुमचं तोंडही दिसत नव्हतं."

लिंडसेनं हातातली बशी खाली ठेवली.

"आणि 'रचायला सवड नव्हती' हे शोक करणाऱ्याचं बोलणं नाही. ती कायद्याची अट आहे. डेस्मंड, हे वाक्य कुणाचं?"

"माझं," डेस्मंड म्हणाला. "वर्गातलं. हा मागच्या बाकावर असायचा."

"साक्ष खोटी का रचावी लागली, लिंडसे? अपघात असता, तर कुणाचं नाव घ्यायची गरजच नव्हती."

 खाली नावा धक्क्याला घासत होत्या.

"शेड विकायला तयारच होईना थेरडा," लिंडसे पुटपुटला. "वर चढून समजावायला गेलो. तोंडावर हसला. मी फक्त एकदाच ढकललं. वर परांचीला माझ्या हातांचे ठसे राहिले होते... पोलिसांना खुणा सापडतील असं वाटलं, म्हणून दुसऱ्याचं नाव घेतलं."

"हे कोर्टात चालेल?" बाहेर पडताना विल्मानं डेस्मंडला विचारलं.

"स्वतःच्याच विरुद्ध बोललाय, दोघांसमोर. चालेल. साक्षीला तुलाही उभं राहावं लागेल."

कॅलम सुटला, त्या दिवशी डेस्मंड तुरुंगाच्या फाटकाशी थांबला होता. त्याची नजर वर होईना.

"वर्ग बंद करतोय मी," तो म्हणाला. "माझ्याच शिकवणीनं तुला आत घातलं."

कॅलमनं पिशवी खांद्यावर टाकली. "आत एकानंही मला सांगितलं नाही, की माझ्यावर नक्की काय पुरावा आहे न् तो कसा खोडायचा. वर्ग कुठल्या वारी असतो?"

"बुधवारी."

"येतो," कॅलम म्हणाला. "पण मी पुढच्या बाकावर बसणार."