चार हजार दोनशे सात पुटं

साक्षीदाराने देवाची शपथ घेतली की काम भागायचं, ते दिवस मागे पडले होते. आता साक्षीआधी त्याच्या आठवणीची पुटं मोजली जात. वसंत गुरवांची भरली चार हजार दोनशे सात.

"इतकी?" मारुतीच्या देवळाचे हे सत्तरीतले पुजारी चांगलेच दचकले.

"काका, आठवण काढली की ती मऊ पडते," डॉ. मृण्मयी सबनीस म्हणाल्या. "मधल्या काळात पाहिलेलं, ऐकलेलं तिच्यात मिसळतं आणि मग ती पुन्हा घट्ट होते. त्या थराला आम्ही स्मृतिपुट म्हणतो."

"म्हंजे शेंदरागत. दर शनवारी एक हात. खालची मूळ मूर्ती कुनाला दिसतीया?"

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. एवढंच समजावायला वकिलांपुढे त्यांचे दोन-दोन तास जात.

अकरा वर्षांपूर्वी देवळाच्या पायरीवर एका चोराने वसंतरावांच्या बायकोचं, इंदूचं, मंगळसूत्र ओढलं. ती पडली ती उठलीच नाही. वसंतरावांनी चोर म्हणून दिगंबर शेलारला ओळखलं आणि त्याला जन्मठेप झाली. आता तो खटला फेरतपासणीला आला होता. पुटं मोजणाऱ्या यंत्राच्या मते मात्र दिगंबरचा चेहरा सहाव्या पुटात आला होता, पोलिसांनी फोटो दाखवला त्या दिवशी. खात्रीसाठी सगळी पुटं उतरवावी लागणार होती. जुन्या खटल्यात साक्षीदारावर तशी सक्ती नव्हती, आणि उतरलेलं पुट परत मिळत नसे.

"त्याच आठवणीत इंदूकाकूही आहेत," डॉक्टरांनी बजावलं. "त्यांचंही काही जाईल."

प्राण जाता जाता इंदूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं होतं, जराशी हसली होती. त्या एका नजरेवर वसंतराव दिवस काढत होते.

"तिच्या त्या नजरंपायी दुसऱ्याचं पोर आत सडत आसंल, तर ती काय कामाची? उतरवा."

एवढं मोठं काळीज कुठून आणतात ही माणसं! शिकलेसवरलेले कितीतरी साक्षीदार याच खुर्चीतून मुकाट उठून गेले होते.

पुटं उतरली. पळणाऱ्या चोराच्या तोंडाला मफलर होता. चेहरा दिसलाच नव्हता. वसंतरावांनी भर कोर्टात आपली चूक कबूल केली आणि दिगंबर सुटला.

इंदूही दिसली. ते गाभाऱ्यातून धावत बाहेर आले तेव्हा ती पालथी पडलेली होती. हिरवं पातळ, सुटलेला अंबाडा. तिने वळून पाहिलंच नव्हतं.

निकालानंतर ते डॉक्टरांकडे आले. दिगंबरच्या आईने दिलेले पेढे त्यांनी टेबलावर ठेवले आणि तिथेच घुटमळले.

"बाई, आता रोज आठवलं, तर वळंल का हो ती?"

डॉक्टरांना या माणसापुढे खोटं बोलवेना.

"वळतील, काका," त्या म्हणाल्या. "हसतीलसुद्धा."